उन्माद आणि उदासी : एका आजाराच्या शोधाची हकिकत

चिखलीहून खामगावकडे जाणाऱ्या रस्त्यावर अमडापूर लागते. टेकडीवरची बल्लाळदेवी ही त्या गावाची ओळख. बाकी गाव शेतकऱ्यांचे. पाऊस, पेरणी, कर्ज आणि बाजारभाव ह्यांच्या हिशेबात वर्ष सरते. अशा कोणत्याही गावात, अमडापुरात काय की दुसरीकडे काय, कधीतरी एक प्रकार दिसतो, आणि त्याच्याविषयीच आज बोलायचे आहे.

चांगला कर्ता माणूस असतो. एकाएकी त्याची झोप उडते, पण थकवा म्हणून येत नाही. रात्रभर धुऱ्यावर फिरतो, पहाटे चार घरे उठवून बेत सांगतो. बोलू लागला की थांबत नाही. बैलजोडी विकून ट्रॅक्टर घ्यायचा, विहीर खोदायची, निवडणुकीला उभे राहायचे, सारे एकाच दिवशी. खिशात नसलेले पैसे वाटतो. कुणी अडवले तर अंगावर धावून जातो. काही आठवडे, कधी दोन-तीन महिने हे चालते आणि ओसरते. पुढे केव्हातरी तोच माणूस भिंतीकडे तोंड करून पडून राहतो. मृगाचा पाऊस येऊन गेला, शेजाऱ्यांनी पेरले, तरी हा उठत नाही. अन्न गोड लागत नाही, जगण्यात राम वाटत नाही. मग तेही सरते आणि माणूस पहिल्यासारखा होतो. गाव म्हणते, "बाहेरचं होतं, उतरलं."

ह्या आजाराला हल्ली डॉक्टर 'बायपोलर' विकार म्हणतात, म्हणजे दोन टोकांचा आजार. पूर्वी त्याला उन्माद-अवसाद म्हणत. गाव जे म्हणते त्यात निरीक्षणाची चूक नाही, हे आधी नीट ध्यानात घेऊ. आजार खरोखरच येतो आणि खरोखरच जातो. पुष्कळदा तो औषधावाचूनही काही काळाने ओसरतो. घोटाळा होतो तो इथे. आजार ओसरायच्या वेळी जे चालू असेल त्याला यश मिळते. भगताने उतारा टाकला आणि पंधरा दिवसांनी माणूस शांत झाला, की भगत खरा ठरला. वैद्याने जुलाब दिले असतील तर जुलाब खरे. आणि आजार फिरून आला म्हणजे बाधाच फिरून आली असे समजावयाचे. हा फास सुटायला माणसाला दोन हजार वर्षांहून अधिक काळ लागला.

आपल्या बुलढाणा जिल्ह्यातच पिंपळगाव सराईजवळ सैलानी बाबांचा दर्गा आहे. होळीच्या सुमारास तिथे मोठी यात्रा भरते. हिंदू-मुसलमान सारेच येतात. मनाने आजारी असलेल्या माणसाला तिथे नेऊन ठेवण्याचा रिवाज जुना आहे, आणि दूरदूरच्या जिल्ह्यांतून लोक अशा आप्ताला घेऊन येतात. ह्या माणसांना हसण्याचे कारण नाही. वाट्याला आलेले दुःख घेऊन ती जातात, आणि तिथे निदान त्यांना कुणी हाकलून लावत नाही. पण श्रद्धेच्या जागी साखळदंड आला की काय होते, हे तमिळनाडूतल्या एरवाडी गावाने दाखवले. दर्ग्याच्या आसऱ्याने चाललेल्या एका खाजगी आश्रमात रोग्यांना बांधून ठेवले होते. ६ ऑगस्ट २००१ ला पहाटे आग लागली. साखळ्या तुटेनात. २८ जण त्यात गेले.

आता मागे वळू. आपल्याकडे चरकसंहितेत उन्मादाचे पाच प्रकार सांगितले आहेत. त्यांतले चार शरीरातल्या दोषांचे : वाताचा, पित्ताचा, कफाचा आणि तिन्हींचा मिळून, पाचवा बाहेरून येणारा. म्हणजे पाचांतले चार प्रकार आमच्या पूर्वजांनी शरीराच्या खात्यावर मांडले होते. भय, शोक, क्रोध, चिंता ह्यांचा मारा मनावर झाला की दोष बिघडतात, हेही तिथे आहे. नेमक्या त्याच दिशेला विज्ञान आज येऊन पोचले आहे, म्हणून हे सांगितले. तिकडे ग्रीसमध्ये हिप्पोक्राटीसच्या पंथाचे वैद्य उदासीचा दोष काळ्या पित्ताला देत. पण उन्माद आणि उदासी ही एकाच आजाराची दोन तोंडे आहेत हे पुष्कळ काळ कुणी ठामपणे मांडले नाही. १८५४ साली पॅरिसमध्ये फाल्रे आणि बायार्जे ह्या दोन डॉक्टरांनी काही आठवड्यांच्या अंतराने तेच मांडले. मग आधी कोणी सांगितले ह्यावरून दोघांचे वाजले, ती गोष्ट वेगळी.

त्यानंतरचे मोठे काम जर्मनीच्या एमिल क्रेपेलिन ह्यांचे. त्यांनी प्रत्येक रोग्याचे एक कार्ड केले आणि त्यावर वर्षानुवर्षे नोंदी ठेवल्या : आजार केव्हा आला, केव्हा गेला, मधल्या काळात माणूस कसा होता. आजचे लक्षण पाहून निदान करण्यापेक्षा सारा आयुष्यक्रम पाहावा, ही त्यांची दृष्टी. १८९९ साली आपल्या ग्रंथाच्या नव्या आवृत्तीत त्यांनी ह्या येऊन-जाऊन असणाऱ्या आजाराला वेगळे स्थान दिले. शाळेत हजेरीपट ठेवणाऱ्या शिक्षकांना ह्या रीतीचे मोल सांगायला नको. एका दिवसाच्या गैरहजेरीने काही कळत नाही, वर्षभराची पाने उलटली म्हणजे मुलाची गत दिसते.

इकडे नागपूरला १८६४ पासून वेड्यांचे इस्पितळ होते. त्या काळच्या अशा इस्पितळांत औषध थोडे आणि कोंडून ठेवणेच अधिक. अठराशे अठ्ठावन्नचा आणि १९१२ चा असे सरकारचे दोन्ही कायदेही मुख्यतः रोग्याला कोठे ठेवावे आणि कोणाच्या हुकमाने ठेवावे ह्याविषयीचेच होते.

औषध सापडले ते अनपेक्षित वाटेने. जॉन केड नावाचे ऑस्ट्रेलियन डॉक्टर दुसऱ्या महायुद्धात जपान्यांच्या कैदेत साडेतीन वर्षे सिंगापूरच्या चांगी छावणीत होते. सुटल्यावर ते मेलबर्नजवळच्या एका मनोरुग्णालयात रुजू झाले. उन्मादाच्या रोग्याच्या शरीरात काहीतरी विष साठत असावे आणि ते लघवीवाटे जात असावे, असा त्यांचा तर्क. एका पडक्या स्वयंपाकघरात त्यांनी प्रयोगशाळा मांडली आणि गिनिपिगांना रोग्यांच्या लघवीची इंजेक्शने दिली. त्यातले युरिक आम्ल पाण्यात विरघळवायचे म्हणून लिथियम ह्या धातूचा क्षार वापरला. पाहतात तो एरवी हात लावताच धडपडणारी जनावरे शांत पडून आहेत! तर्क चुकीचा होता, हाती लागलेली गोष्ट मात्र खरी होती. केड ह्यांनी क्षार आधी स्वतः घेऊन पाहिला आणि मग १९४८ च्या मार्चमध्ये पाच वर्षे सतत उन्मादात असलेल्या एका ५१ वर्षांच्या रोग्याला दिला. काही आठवड्यांत तो शांत झाला आणि काही महिन्यांनी घरी गेला, कामालाही लागला. मग बरे वाटते म्हणून त्याने औषध सोडले आणि आजार परत आला. हा पहिलाच रोगी, आणि त्याची ही चूक आजही घरोघर होते.

पण लिथियम दिल्यावर माणूस बरा झाला, हा पुरावा भगताच्या उताऱ्यापेक्षा वेगळा कसा? आजार आपोआपच ओसरला नसेल कशावरून? इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी हीच शंका जोराने घेतली, आणि ती रास्त होती. उत्तर डेन्मार्कमध्ये मोगेन्स स्काऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिले. लिथियमवर स्थिर असलेल्या ८४ बायकांचे त्यांनी चिठ्ठ्या टाकून दोन भाग केले. एका भागाला लिथियम चालू ठेवले. दुसऱ्या भागाला तशाच दिसणाऱ्या, पण औषध नसलेल्या गोळ्या दिल्या. कोणाला काय मिळते आहे हे रोग्याला ठाऊक नव्हते, तपासणाऱ्या डॉक्टरांनाही नव्हते. पाच महिन्यांत खोट्या गोळीवरच्या ३९ पैकी २१ जणींचा आजार परत आला. लिथियमवरच्या ४५ पैकी एकीचाही नाही. १९७० साली हे छापून आले. उताऱ्याची अशी परीक्षा कोणी घेतली नव्हती, आणि खरा फरक एवढाच आहे. शाळेतल्या मुलांना विज्ञान म्हणजे काय हे शिकवायला न्यूटनच्या सफरचंदापेक्षा ही गोष्ट चांगली, असे मला वाटते.

आपल्या देशातल्या एका मुळीचे नाव इथे घेतले पाहिजे. सर्पगंधा वेडावर पूर्वापार देत. १९३१ साली कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस ह्यांनी तिच्याविषयी लिहिले. १९४९ साली मुंबईच्या डॉ. रुस्तुम वकील ह्यांनी रक्तदाबावर तिचा गुण एका ब्रिटिश मासिकात मांडला. तिच्यातले रेसर्पिन पुढे वेगळे काढले गेले. त्याने खवळलेले रोगी निवाले, पण काही माणसे ते घेता घेता खोल उदास झाली. मनाचा चढ-उतार रासायनिक द्रव्यांशी बांधलेला आहे, ह्याची ती एक मोठी खूण ठरली.

आता चिंतेकडे येऊ. संकट आले की छाती धडधडते, हात गार पडतात, हे सर्वांना ठाऊक आहे. १९३६ साली माँट्रियलच्या हान्स सेल्ये ह्यांनी उंदरांवर प्रयोग करून दाखवले की थंडी, जखम, अतिश्रम, विष, कोणताही ताण असो, शरीर बरेचसे एकाच तऱ्हेने तोंड देते, आणि त्यात मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या दोन छोट्या ग्रंथी फुगतात. त्यांना अधिवृक्क ग्रंथी म्हणतात. त्यांतून कॉर्टिसॉल नावाचे द्रव्य रक्तात जाते. अशा द्रव्यांना संप्रेरके म्हणतात. आपण त्यांना शरीराचे निरोपे म्हणू. मेंदू हुकूम सोडतो, मेंदूच्या तळची ग्रंथी तो पुढे नेते, अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसॉल सोडते, आणि ते मेंदूकडे परत जाऊन सांगते, "पुरे, पोचले." हा परतीचा निरोप म्हणजे लगाम. निरोगी माणसात कॉर्टिसॉल पहाटेपासून चढते, सकाळी भरपूर असते आणि मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत कमी.

ह्या निरोप्याचा मनाशी संबंध अचानक उघड झाला. त्याचाच भाऊ शोभेल असे कॉर्टिसोन १९४८-४९ मध्ये अमेरिकेत संधिवाताच्या रोग्यांना देऊ लागले. अंथरुणावरची माणसे चालू लागली. ह्या कामाला १९५० चे नोबेल पारितोषिकही मिळाले. पण काही रोगी औषधाने भलतेच आनंदात येत, झोपत नसत, बडबडत. काही खिन्न होत. ज्यांना आधी कधी वेडाचा वाराही लागला नव्हता, त्यांच्या अंगी बाहेरून दिलेल्या एका संप्रेरकाने उन्मादाची लक्षणे उभी केली. बाहेरची बाधा म्हणावी तर ती ही!

मग डॉक्टरांनी उलट शोध घेतला. कृत्रिम संप्रेरकाची गोळी रात्री द्यायची आणि सकाळी कॉर्टिसॉल उतरले की नाही ते मोजायचे. तीव्र उदासीच्या पुष्कळ रोग्यांत ते उतरेना. लगाम सैल झालेला. बायपोलर रोग्यांतही कॉर्टिसॉल सरासरीने काहीसे चढे आढळते. १९८१ च्या सुमारास ही तपासणी म्हणजे उदासीची रक्तपरीक्षाच, अशी आशा होती. ती टिकली नाही; इतर आजारांतही तसेच दिसते आणि पुष्कळ रोग्यांत दिसत नाही. रक्त पाहून हा आजार ओळखण्याची रीत आजही नाही, आणि कोणी तशी जाहिरात करीत असेल तर पैसे घालवू नयेत.

श्रोतेहो, इथे एक अडचण उभी राहते. ताण कोणाला नाही? नापिकी साऱ्या गावाची असते. मग एकालाच हा आजार का? लोक म्हणतात, घराण्यात असेल. ह्या एका शब्दाने किती पोरींची लग्ने मोडली आणि किती घरांनी आजार लपवून औषध बंद केले, त्याची गणती नाही. म्हणून घराण्याचा हिशेब एकदा नीट मांडू. सर्वसाधारण माणसांत हा आजार शंभरात सुमारे एकाला होतो. आई, बाप, भाऊ किंवा बहिणीला असेल, तर शंभरात पाच ते दहा जणांना. म्हणजे नव्वदांहून अधिकांना होत नाही. एकाच गर्भापासून झालेल्या अगदी सारख्या जुळ्यांत एकाला असेल, तर दुसऱ्याला होण्याचे प्रमाण ४० ते ७० टक्के. आनुवंशिकता जबर आहे हे ह्यावरून दिसते. पण सारे तिच्याच हाती असते तर हा आकडा १०० असता.

१९८७ साली अमेरिकेतल्या आमिश नावाच्या जुन्या वळणाच्या शेतकरी समाजात ह्या आजाराचे जनुक अकराव्या गुणसूत्रावर सापडल्याची बातमी गाजली. दोनच वर्षांत, आणखी नातलग तपासल्यावर, ती मागे घ्यावी लागली. एका जनुकाचा हा आजारच नव्हे. २०२१ मध्ये चाळीस हजारांहून अधिक रोग्यांच्या तपासणीतून ६४ जागा निघाल्या. २०२५ मध्ये दीड लाखावर रोगी पाहिल्यावर २९८. प्रत्येक जागेचा वाटा चिमूटभर, आणि त्यातल्या कितीतरी चिमटी तुमच्या-आमच्यातही आहेत.

पण खरी गंमत पुढेच आहे. शरीराच्या जवळजवळ प्रत्येक पेशीत जनुकांचा सारा संच असतो. मग यकृताची पेशी यकृताचे काम का करते आणि मेंदूची मेंदूचे का? पोथी सर्वांच्या घरी तीच आहे, पण कोणत्या घरी कोणता अध्याय वाचायचा हे निराळे ठरते. फ्रान्समध्ये झाकोब आणि मोनो ह्यांनी १९६१ साली जंतूंमध्ये दाखवले की जनुके चालू-बंद करण्याची व्यवस्था पेशीतच असते. जनुकाच्या ह्या वाचनाला जनुकाची अभिव्यक्ती म्हणतात. आणि कॉर्टिसॉल हा नुसता निरोप्या नाही. तो पोथी उघडणारा आहे. तो पेशीत शिरतो, तिथल्या आपल्या ग्राहक-प्रथिनाला चिकटतो, आणि ती जोडी पेशीच्या गाभ्यात जाऊन काही जनुकांचे वाचन वाढवते, काहींचे कमी करते. त्यांतले एक जनुक ग्राहकाचीच पकड सैल करणारे प्रथिन तयार करते, म्हणजे लगामावरचाही लगाम. हे जनुक काही माणसांत जास्त जोराने वाचले जाते. अशांना ताणानंतर ताळ्यावर यायला वेळ लागतो. वारशाने आजारच येतो असे नाही. ताणाला तोंड देण्याची ही तऱ्हा येते.

वाचनाची ही सवय जन्मानंतरही घडते. गाय व्याली की वासराला चाटते, ते कोणत्याही गोठ्यात पाहावे. माँट्रियललाच मायकेल मीनी आणि मोशे झिफ ह्यांच्या गटाने २००४ साली उंदरांचे असेच पाहिले. ज्या पिलांना आई खूप चाटते, त्यांच्या मेंदूत कॉर्टिसॉलच्या ग्राहकाचे जनुक मोकळे राहते आणि ती मोठेपणी थोड्यात घाबरत नाहीत. जिला चाटायची सवय कमी, तिच्या पिलांत त्या जनुकावर रासायनिक खुणा बसून वाचन मंदावते. पिले अदलाबदल करून दिली तर ती सांभाळणाऱ्या आईच्या वळणावर गेली. उंदरांवरून माणसांची गणिते सरळ मांडता येत नाहीत. तरी लहानपणी फार मार आणि हाल सोसलेल्या माणसांतही अशा खुणा आढळल्या आहेत. हॉलंडच्या एका गटाने २००८ साली बायपोलर रोग्यांच्या रक्तपेशींत दाह वाढवणारी काही जनुके जास्त वाचली जाताना पाहिली. रोग्यांच्या मुलांतही पाहिली, आणि त्यांतली पुष्कळ मुले आजारी नव्हती. खूण होती, आजार नव्हता. लिथियममुळेही मेंदूच्या पेशींतले जनुकांचे वाचन बदलते. चांगला गुण यायला दिवस लागतात त्याचे एक कारण हे असावे.

आपल्या शेतकऱ्याच्या दृष्टीने ह्यातली मोठी गोष्ट झोप. जागरणाने उन्माद उसळतो, हे डॉक्टरांनी पुन्हा पुन्हा पाहिले आहे. ओलिताला वीज रात्रीची आली की मोटार सुरू करायला रात्रीच जावे लागते. सोंगणीत, लग्नसराईत, जागरण-गोंधळात रात्री जातात. ज्याला हा आजार एकदा होऊन गेला त्याची रात्रपाळी भावाने किंवा पोराने घ्यावी. लिथियम घेणाऱ्याने आणखी एक जपावे. त्याची योग्य मात्रा आणि विषारी मात्रा ह्यांत अंतर थोडे असते, म्हणून रक्त तपासून मात्रा ठरवतात. मूत्रपिंडे आणि गळ्याची थायरॉइड ग्रंथीही अधूनमधून पाहतात. वैशाखात वखरणीला घाम गाळला, जुलाब झाले, किंवा कोणाच्या सांगण्यावरून मीठ एकदम सोडले, तर औषध रक्तात साचते. हात जोराने कापू लागले, उलट्या झाल्या, पाय लटपटले, तर लगेच डॉक्टर गाठावा.

कायदा आता पुष्कळ बदलला आहे. भूत काढण्याच्या नावाखाली मारणे, साखळीने बांधणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या कायद्याने गुन्हा झाला. २०१७ च्या केंद्राच्या कायद्याने मनोरुग्णाला साखळदंड घालणे कोणत्याही प्रकारे मना केले. पण बारा राज्यांत २०१५-१६ साली झालेल्या राष्ट्रीय पाहणीत ह्या आजाराचे सुमारे ७० टक्के रोगी उपचाराविना आढळले. गुजरातेत उनाव्याला मीरा दातारच्या दर्ग्यात एक चांगली वाट काढली आहे. तिथे मुजावर दुवा करतात आणि रोग्याला त्याच आवारातल्या डॉक्टरकडेही पाठवतात. दवा आणि दुवा दोन्ही. श्रद्धा सोडायला कोणी सांगत नाही, गोळी मात्र चुकत नाही.

जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची सोय असते, आणि १४४१६ ह्या क्रमांकावर टेली-मानस ही सरकारी सेवा फोनवरून मराठीतही सल्ला देते. तिला पैसे पडत नाहीत. मरणाची भाषा कुणी बोलू लागला, तर त्याला एकटे सोडू नये आणि फवारणीचे औषध घराबाहेर कुलपात ठेवावे. डॉक्टरकडे जाताना क्रेपेलिनच्या कार्डासारखी एक वही बरोबर असली तर फार सोपे जाते. शाळेची जुनी वही चालेल. कोणत्या महिन्यात झोप उडाली, किती दिवस. कोणत्या महिन्यात अंथरूण धरले. त्याआधी घरात काय घडले होते. कोणते औषध चालू होते आणि ते केव्हा, कोणाच्या सांगण्यावरून बंद केले. पहिल्या भेटीत डॉक्टर हेच प्रश्न विचारतात, आणि घरच्यांपैकी प्रत्येकजण निराळे उत्तर देतो.